एक्स-रेच्या फिल्मवर कापलेला लोगो

मिरजेत दोन खोल्यांमध्ये आमचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. फाउलर बेड (डोक्याकडून-पायाकडून वर उचलता येणारी खाट), एअर बेड (पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी), वॉकर, कमोड चेअर, व्हीलचेअर असं सगळं डिपॉझिट घेऊन वापरायला देतो, वस्तू परत आली की डिपॉझिट परत. ट्रस्ट नुकताच रजिस्टर झाला होता, पावतीपुस्तक छापायचं होतं, वेबसाइट हवी होती, पण डिझाइनवर पैसे घालायचे म्हणजे एक व्हीलचेअर कमी घ्यायची, ते कुणालाच पटेना. म्हणून मी ओळखीच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं, चांगल्या कामासाठी लोगो-वेबसाइट विनामूल्य करून देणारं कोणी आहे का.

हो म्हणणारे खूप निघाले. एकाने रात्रीत लोगो पाठवला, दोन तळहात, मध्ये हृदय, निळ्यातून हिरव्यात जाणारा रंग, छानच वाटला, पण आमच्या खजिनदारांनी तसाच्या तसा एका लॅबच्या बोर्डवर दाखवला. दुसऱ्या मुलाने मनापासून वेबसाइट सुरू केली, डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या ईमेलवर घेतलं, मग त्याला नोकरी लागली, परगावी गेला आणि लॉगिनचा प्रत्येक ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. त्याला दोष नाही देणार मी, कारण काय हवंय आणि किती दिवस साथ हवीय हे आम्हीच त्याला धड सांगितलं नव्हतं.

मग एका शनिवारी कोल्हापूरहून एक मुलगी आली. अप्लाइड आर्ट शिकलेली, पॅकेजिंगची कामं करणारी. मी तिच्यापुढे आमच्या उद्दिष्टांचा कागद ठेवला तर म्हणाली, "ताई, हे वाचते नंतर, आधी थोडा वेळ तुमच्या फोनशेजारी बसू का?"

बसली ती थेट चार वाजेपर्यंत. मिरजेला दवाखान्यांसाठी लांबून लोक येतात, अथणी, जमखंडी, विजापूरकडचे पण, त्यामुळे अर्धे फोन कानडीत, ते मी घ्यायचे आणि तिला सांगायचे. अथणीचा एकजण, वडिलांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, संध्याकाळी डिस्चार्ज, बेड छोट्या टेम्पोत मावेल का, जिन्यावरून चढेल का. एक मुलगी आयसीयूच्या बाहेरून अगदी हळू आवाजात विचारत होती, एअर बेड आज आहे का, डिपॉझिट ऑनलाइन चालेल का. मध्येच एक बाई एअर बेड परत द्यायला आल्या, मिस्टर गेले म्हणाल्या, बेड स्वच्छ पुसून, नीट घडी घालून आणलेला. त्या गेल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

तिच्या वहीत सतरा फोन लिहिलेले होते. आज काय शिल्लक आहे, डिपॉझिट किती, किती वाजेपर्यंत उघडं, गाडीत मावेल का. त्यावरच तिने वेबसाइटचं पहिलं पान आखलं, शिल्लक वस्तू, डिपॉझिट, फोनचं मोठं बटण, पत्ता, मराठीत आणि कानडीत. फोटो अगदी हलके, कारण दवाखान्यात खालच्या मजल्यावर रेंजची बोंब असते. विश्वस्तांचे फोटो पार तळाला गेले, त्यावरून थोडी कुरबूर झाली, पण मी तिच्याच बाजूने उभी राहिले.

लोगोचं तर वेगळंच झालं. दवाखान्यात वस्तू अदलाबदल होतात म्हणून आम्ही प्रत्येकीवर खूण रंगवतो. शेजारच्या गल्लीतले पेंटर मामा जुन्या एक्स-रे फिल्मवर स्टेन्सिल, म्हणजे रंग मारायचा साचा, कापतात, ती फाटत नाही, रंग पुसला की परत वापरता येते. ती तिची तीन स्केचेस घेऊन त्यांच्याकडेच गेली. मामांनी एक उचललं आणि म्हणाले, पोरी, ह्या 'व'च्या पोटातला गोळा कापला की सुटून पडणार, त्याला धरायला पट्टी ठेव. तिने तिथेच पायरीवर बसून परत काढलं. समोरून दिसणारा वॉकर, चार सरळ रेषा, जोडाच्या जागी बारीक फट, रंग एकच. शिक्क्याएवढा लहान केला तरी रेषा एकमेकींत मिसळत नव्हत्या.

आमच्यातले एक वकील काका आहेत, त्यांनी लगेच कागद करून घेतला. कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि त्याप्रमाणे फुकट काढून दिलेल्या चित्राचा हक्कसुद्धा काढणाऱ्याचाच असतो, संस्थेला द्यायचा तर लेखी लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात. मुदत लिहिली. वेबसाइटवर तिचं नाव राहील आणि तिच्या कामांत तिने हे दाखवावं, हे पण लिहिलं. डोमेन यावेळी ट्रस्टच्या ईमेलवर, पासवर्ड दोघांकडे.

साडेसहाला अथणीचा माणूस टेम्पो घेऊन आला. मामांनी त्याच बेडच्या डोक्याकडच्या पत्र्यावर पहिली खूण मारली होती, रंग अजून ओला होता. बेड चढवताना ताडपत्री त्याला घासायला लागली तशी ही पटकन पुढे झाली आणि दोर बांधून होईपर्यंत ताडपत्री हाताने उचलून धरून उभी राहिली.