निदान पन्नास डॉलर तरी भरा!

आपल्याकडे खाजगी हॉस्पिटलात आधी डिपॉझिट, मग बेड, आणि हिशोब चुकता झाल्याशिवाय डिस्चार्ज नाही. इथे न्यू जर्सीत सगळं उलटं. पेशंट घरी येऊन ठणठणीत होतो आणि मग बिलं यायला लागतात. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरचं वेगळं, आणि ज्याचं तोंडही आपण पाहिलेलं नसतं त्या सीटी स्कॅन वाचणाऱ्या रेडिऑलॉजिस्टचं आणखी वेगळं.

2018 मध्ये नवऱ्याला मुतखड्याच्या कळा आल्या होत्या. त्या रात्रीचं रेडिऑलॉजिस्टचं असंच एक बिल 2023 च्या उन्हाळ्यात उगवलं, तेही थेट वसुली एजन्सीकडून. 612 डॉलर. फोनवरची बाई फार गोड बोलत होती. "निदान पन्नास डॉलर तरी भरा, म्हणजे तुमची तयारी दिसेल."

नवऱ्याने पाकीट काढलंच होतं. कुणाचं देणं अंगावर नको, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं, आणि या लोकांचा धंदा त्याच भिडेवर चालतो. मी फोन घेतला आणि म्हटलं, जे काय असेल ते लेखी पाठवा. कारण ते पन्नास डॉलर साधे नसतात. जुन्या देण्यासाठी कोर्टात जायला मुदत असते. न्यू जर्सीत ती साधारण सहा वर्षं, आणि आमचं पाचवं सरत आलेलं. बऱ्याच राज्यांत थोडे पैसे भरले तरी ही मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

1977 च्या फेडरल कायद्याने एजन्सीला नोटीस द्यावीच लागते. ती मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत वसुली थांबवावी लागते. आलेल्या नोटिशीच्या तळाशी फाडून पाठवायचा तुकडाच होता, त्यावर चौकोन: 'हे देणं माझं नाही', 'रक्कम चुकीची आहे', 'इतर'. आम्ही 'इतर'वर खूण केली, सोबत पत्र जोडलं आणि पोस्टातून सर्टिफाइड मेलने पाठवलं. पोचपावतीचं हिरवं कार्ड सही होऊन परत आलं.

खरा हुकमाचा पत्ता म्हणजे विमा कंपनीचं जुनं हिशोबपत्रक, इथल्या भाषेत ईओबी. ते कंपनीच्या वेबसाइटवर सापडलं. रेडिऑलॉजिस्टने क्लेम मुदतीनंतर पाठवला म्हणून नाकारला होता आणि शेवटच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं: पेशंटकडून येणं 0. डॉक्टर नेटवर्कमधला, म्हणजे विमा कंपनीशी करारबद्ध. त्याच्या उशिराचा भुर्दंड आमच्या माथी मारता येत नव्हता.

एजन्सीने पुरावा म्हणून काय पाठवावं? तोच 612 चा आकडा, नव्या कागदावर छापून! मग मात्र ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी घेणाऱ्या सीएफपीबी या फेडरल संस्थेकडे ऑनलाइन तक्रार टाकली, ईओबी जोडून. क्रेडिट रिपोर्टची, म्हणजे आपल्या कर्ज-थकबाकीच्या नोंदींची, धाकधूक होतीच. 2023 च्या एप्रिलपासून 500 डॉलरच्या आतली वैद्यकीय थकबाकी या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही मोठ्या ब्यूरोंनी रिपोर्टमधून काढून टाकली, पण आमचं बिल 112 डॉलरने वर!

अखेर एजन्सीचं उत्तर आलं, दोन ओळींचं: खातं बंद करून मूळ धनकोकडे, म्हणजे रेडिऑलॉजिस्टकडे, परत पाठवलं आहे. दिलगिरी वगैरे काही नाही. आणि बंद म्हणजे माफ नव्हे. रेडिऑलॉजिस्ट हेच बिल उद्या दुसऱ्या एजन्सीला देऊ शकतो. म्हणून ईओबी, हिरवं कार्ड आणि त्या दोन ओळी एकाच फाइलमध्ये लावून ठेवल्यात.