वळणापूर्वीची हाक

जर्मनीतील हार्त्स पर्वताच्या जंगलात विप्रा गावाजवळचे धरण आणि डांकरोडे यांच्या दरम्यान जी पायवाट आहे, तिच्या तोंडाशी एक पाटी लावलेली असून तिच्यावर दोन ओळींचे यमक आहे. मुलीने मला त्याचा अर्थ सांगितला तो असा, की उघडी माणसे पाहायची नसतील तर येथून पुढे पाऊल टाकू नका. २०१० मध्ये ही वाट विवस्त्र चालणाऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाली, आणि कपडे घालून चालणाऱ्यांनाही ती तेवढीच मोकळी आहे. मुलगी नोकरीनिमित्त माग्डेबुर्गला असते. निवृत्तीनंतर आम्ही दोघे तिच्याकडे तीन महिने राहिलो, त्या काळात तिच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांबरोबर मी या वाटेने एकदा चाललो. आमच्या सौ. आणि मुलगी धरणाच्या काठी थांबल्या. निघताना सौ. एवढेच म्हणाल्या, की हे आपल्या बेळगावच्या टिळकवाडीत कुणाला सांगू नका. आणि मी तर ते येथे लिहून ठेवतो आहे.

कपडे काढून पिशवीत घालण्याचा क्षण मला वाटला होता त्यापेक्षा फार लवकर सरला. पाच-दहा मिनिटांनी अंगावर वस्त्र नसल्याचे भान उरले नाही. उरले ते पिशवीच्या पट्ट्याचे, कारण तो घामेजल्या खांद्यावर सारखा घासत होता. पायांत बूट आणि डोक्यावर टोपी मात्र सगळेच ठेवतात. कोठेही बसायचे झाल्यास आधी आपला पंचा अंथरायचा, हा त्या लोकांचा पहिला नियम असल्यामुळे मी बेळगावाहून नेलेला पंचा त्या दिवशी फारच उपयोगी पडला. झाडांतून येणारा वारा पाठीला लागण्याचे सुख मी लहानपणी विहिरीत पोहून काठावर उभा राहिलो असताना अनुभवले होते, तेच साठ वर्षांच्या पाठीला पुन्हा मिळाले, इतकेच त्याबद्दल सांगण्यासारखे आहे. मला त्याहून अधिक लक्षात राहिले ते त्या गृहस्थांचे वागणे.

ज्या वळणाच्या पलीकडचे दिसत नसे, तेथे पोहोचण्याआधी ते मुद्दाम मोठ्याने बोलू लागत, आणि बोलण्यासारखे काही नसेल तर गुणगुणत. एका वळणावर समोरून आईवडील, एक लहान मुलगी आणि कुत्रा असे कुटुंब आले, सगळे अंगभर कपड्यांत. आमच्या गृहस्थांनी वाट सोडून उताराच्या बाजूला दोन पावले घेतली, हातातला पंचा सहज पुढे धरला, चेहऱ्याकडे पाहून नमस्कार केला, कुत्र्याचे वय विचारले आणि उत्तर ऐकून पुढे निघाले. सगळा प्रकार अर्ध्या मिनिटात आटोपला. मोबाइल त्यांनी सकाळीच पिशवीच्या तळाशी ठेवला होता आणि परत येईपर्यंत बाहेर काढला नाही. मी मुलीकडून नंतर त्यांना विचारून घेतले, की या वाटेवर आपल्याला हक्क आहे, पाटीही आहे, मग एवढा खटाटोप कशासाठी? त्यांचे म्हणणे असे, की सगळेच लोक पाटीच्या बाजूने येत नाहीत, कित्येक जण मधल्याच एखाद्या आडवाटेने जंगलात शिरतात, आणि ज्याने पाटी वाचलेली नाही त्याच्यासाठी आपणच पाटी व्हावे लागते.

ते गृहस्थ पूर्व जर्मनीत वाढलेले. तेथे तळ्यांच्या आणि समुद्राच्या काठी विवस्त्र पोहण्याची पद्धत घराघरांत रुजलेली होती. तिला ते लोक थोडक्यात एफकेके म्हणतात, म्हणजे मुक्त देहाची संस्कृती. त्यांच्या दृष्टीने यात बंडखोरी अशी काही नव्हतीच, आणि म्हणूनच कदाचित त्यांना दुसऱ्याला जागा करून देणे जड जात नव्हते. याउलट ब्रिटनमधील स्टीफन गॉफ. नौदलाच्या मरीन दलातला हा माजी सैनिक २००३-०४ मध्ये लँड्स एंडपासून जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत, म्हणजे त्या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, विवस्त्र चालत गेला. इंग्लंडमध्ये नुसते उघडे असणे हा गुन्हा नाही. २००३ च्या कायद्यानुसार गुन्हा ठरायला कोणाला भयभीत किंवा व्यथित करण्याचा हेतू असावा लागतो. स्कॉटलंडमध्ये मात्र त्याला पुन्हा पुन्हा अटक झाली, त्याने न्यायालयातही कपडे घालण्यास नकार दिला, कित्येक वर्षे तुरुंगात काढली, आणि २०१४ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही त्याच्या विरुद्ध निकाल दिला. त्याच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे, पण आपल्यासमोर येणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न त्याने कधी स्वतःला विचारलेला दिसत नाही. स्वित्झर्लंडमधील आपेन्झेलची गोष्टही तशीच बिघडली. डोंगरातील त्या छोट्याशा परगण्यात विवस्त्र गिर्यारोहकांची ये-जा वाढली, तेव्हा २००९ मध्ये तेथील लोकांनी चौकात जमून, आपल्या जुन्या रिवाजाप्रमाणे हात वर करून, त्यावर बंदी घातली आणि २०० फ्रँक दंड ठरवला. ज्यांची गुरे त्या कुरणांत चरतात त्यांना आधी कोणी विचारले नव्हते.

हा शेवटचा मुद्दा मला बेळगावजवळच्या खानापूरच्या जंगलात परत आल्यावर कळला.

जांबोटीपासून हेम्माडग्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे रान आहे, त्यात मी गेली वीस-बावीस वर्षे हिंडतो आहे. २०११ मध्ये त्यातील सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य झाले, तेव्हापासून परवानगीशिवाय आत शिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून आता माझे चालणे अभयारण्याच्या बाहेरच्या रानापुरते आणि गावांना जोडणाऱ्या जुन्या वाटांपुरते राहिले आहे. या वाटांवर मला आजवर जी माणसे भेटली त्यांपैकी हौसेने फिरायला आलेले फार थोडे. बाकीचे म्हणजे म्हशी घेऊन निघालेले गवळी-धनगर, सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेतलेल्या बाया, मध काढणारे, शाळेतून दोन-दोन कोस चालत घरी जाणारी पोरे. हार्त्समध्ये वळणावर भेटणारा माणूस माझ्यासारखाच पाहुणा होता. येथे भेटणारी बाई कामावर आहे, आणि पाहुणा मी एकटा. तिने कोणती पाटी वाचून मागे फिरावे? तिला दुसरी वाट नाही. शिवाय आमच्या भागात वनखात्याच्या पाट्या कन्नडमध्ये असतात आणि वाटेवरची निम्मी माणसे मराठी बोलतात, त्यामुळे पाटी लावली म्हणजे सूचना पोहोचली, असे सीमाभागातला माणूस तरी म्हणणार नाही.

म्हणून, ज्या दोन-चार मित्रांनी हे ऐकल्यावर डोळे मिचकावून ‘मग इकडे कधी?’ असे विचारले, त्यांना मी स्पष्ट नाही म्हणून सांगितले. कायद्याचे कारण आहेच: सार्वजनिक ठिकाणी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य करण्याबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २९४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९६ आहे, आणि शिक्षा तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची आहे. दुसरे कारण गोचिडांचे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेलेला माकडताप गोचिडांमार्फत पसरतो, तो पुढे गोव्याच्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातही पोहोचला, आणि सत्तरी तर आमच्या भीमगडाला लागूनच आहे. पावसाळ्यातल्या जळवांचा उल्लेखही करायला नको. या रानात पायजमा मोज्यांत खोचून चालणारा माणूसच शहाणा. पण या दोन्ही अडचणी नसत्या तरी माझे उत्तर तेच राहिले असते.

यावर एका मित्राने जो प्रश्न काढला तो बेळगाव जिल्ह्यातला माणूसच काढू शकतो. तो म्हणाला, ‘मग मुनिमहाराज कसे चालतात?’

प्रश्न टाळण्यासारखा नाही. दिगंबर जैन मुनींच्या अलीकडच्या परंपरेतील मोठमोठी नावे आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर भागातली आहेत. आचार्य शांतिसागर यांचा जन्म १८७२ मध्ये भोज गावाजवळच्या येळगुळचा, आचार्य विद्यानंद यांचा १९२५ मध्ये शेडबाळचा, आचार्य विद्यासागर यांचा १९४६ मध्ये सदलग्याचा. माझे आजोळ निपाणीजवळ असल्यामुळे मुनींचा विहार मी लहानपणी अनेकदा पाहिला आहे. तंबाखूच्या शेतांमधल्या रस्त्याने पुढे काही श्रावक, कोणाच्या हातात कमंडलू, मागे डोक्यावर कलश घेतलेल्या बाया, आणि मध्ये मोरपिसांची पिंछी हातात धरलेले महाराज, नजर पुढच्या चार हात जमिनीवर, पायाखाली कीड-मुंगी येऊ नये म्हणून. रस्त्याच्या कडेला बसलेली माणसे, त्यांत जैन नसलेलीही, चपला काढून उभी राहत आणि ‘नमोस्तु’ म्हणत. आजी आमचे कान धरून डोके खाली वाकवत असे. महाराज उघडे आहेत हे आम्हा पोरांना दिसत नव्हते असे नाही, पण त्याबद्दल हसावे असे कधी कोणाला सुचले नाही.

तरीही या गोष्टीचा दाखला देऊन कोणी हौशी माणूस आपल्या उघडेपणाचे समर्थन करू लागला तर ते मला पटत नाही. मुनींचे दिगंबरत्व हे अपरिग्रहाचे व्रत आहे. घर, अन्नाचा साठा, वाहन या सगळ्याबरोबर वस्त्रही सुटलेले आहे, आणि ते परत घेता येत नाही. मी मात्र दुपारी दोनला पुन्हा शर्ट घालून कॉफी प्यायला गेलो होतो. साम्य शोधायचेच असेल तर ते भोवतालच्या व्यवस्थेत आहे. पुढे चालणारे श्रावक पाहिले की कोण येत आहे हे गावाला शंभर पावले आधी कळते, आणि महाराजांची जमिनीवर खिळलेली नजर सांगते, की या माणसाला तुमच्याकडून काही नको आहे. हार्त्समधल्या पाटीने आणि त्या गृहस्थांच्या गुणगुणण्याने थोड्याशा प्रमाणात तेच साधले जात होते.

जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या जुन्या मुंबई इलाख्यातली आहे आणि फारशी कोणाला ठाऊक नाही. १८९१ मध्ये चार्ल्स क्रॉफर्ड नावाच्या एका इंग्रज जिल्हा न्यायाधीशाने याच इलाख्यात विवस्त्र राहणाऱ्यांचे एक मंडळ काढले होते, आणि असे मंडळ जगात पहिलेच मानले जाते. सभासद एकूण तीन. क्रॉफर्डची रत्नागिरीला बदली झाली आणि मंडळ बुडाले. १८९४ मध्ये तो वारला. ज्या देशात नदीवर रोज हजारो माणसे उघड्या अंगाने अंघोळ करत होती, तेथे साहेबाला त्यासाठी मंडळ काढावे लागले, याचे मला हसू येते.

रानातला शिष्टाचार कपड्यांवर ठरत नाही, हे आमच्या भागातल्या पावसाळी रविवारांनी तर फारच चांगले शिकवले आहे. धबधब्यांवर येणारी मंडळी बहुधा पुरेशा कपड्यांत असतात. पण मोटारीचे दार उघडे ठेवून लावलेली गाणी, दगडांवर फोडलेल्या बाटल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांकडे रोखलेले मोबाइल पाहिले, की हार्त्समधला तो पंचा घेतलेला वृद्ध गृहस्थ मला अधिक सभ्य पोशाखात होता असे वाटते. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पहाटे चालतानाही, समोरून कोणी एकटी मुलगी येत असेल तर मी हल्ली रस्त्याची कड धरतो आणि दुरूनच खाकरतो. सौ. म्हणतात, की हे शिकायला जर्मनीला जायची गरज नव्हती.

खरोखरच नव्हती. जांबोटीच्या बाजूला एका गवळीवाड्यावरचे मामा मला फार पूर्वी म्हणाले होते, ‘सायेब, काठी आपटत चला, वराडत चला. अस्वलाला आपून दिसलो न्हाई म्हंजे ते आंगावर येतंय.’ अस्वल चिडते ते अचानक समोर आल्यामुळे, एरवी त्याला आपल्याशी काही देणेघेणे नसते. मामांचा तो सल्ला मी वीस वर्षे फक्त अस्वलासाठी पाळत होतो.

गेल्या मार्गशीर्षात त्याच बाजूच्या एका ओढ्याकडे उतरत असताना खालून बांगड्यांचा आणि पाण्याचा आवाज आला. मोळ्या टाकून बाया ओढ्यात उतरल्या होत्या, हे ओळखायला वेळ लागला नाही. पूर्वी मी बहुधा मान खाली घालून घाईघाईने ओढा ओलांडला असता आणि त्यालाच सभ्यपणा समजलो असतो. या वेळी वरच्या वळणावरच थांबून मी हाक दिली, ‘मावशी, वाट मोकळी हाय का?’

खाली एकदम शांतता झाली, मग हसू फुटले, आणि एक आवाज आला, ‘थांबा ओ वाईच!’

मी ओढ्याकडे पाठ करून एका दगडावर पंचा अंथरून बसलो. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. वर झाडात शेकरू ओरडत होते. शेवटी ‘या आता’ अशी हाक आली, आणि मी खाली पोहोचलो तेव्हा बाया पलीकडच्या चढावर मोळ्या घेऊन निघालेल्या होत्या. काठावरचे दगड अजून ओले होते. सगळ्यांत मागच्या म्हातारीने मोळी सावरत मान किंचित वळवली आणि विचारले, ‘कुठल्या गावचं म्हणायचं पावणं?’