आंभोऱ्याखाली मोटरबोट: गिअरबॉक्स उघडण्याआधी पंखा बघा

मोटर ओरडते पण बोट हलत नाही, असं सांगितलं की नागपुरात उत्तर ठरलेलं आहे: "गिअरबॉक्स गेला." आम्हालाही तेच सांगण्यात आलं, वर २५ हजारांचा अंदाज. मोटरला हात लावण्याआधीच! गिअरबॉक्स शाबूत होता. निसटला होता पंख्याचा (प्रोपेलरचा) रबरी हब, म्हणजे पंख्याच्या मधोमध दाबून बसवलेला रबरी भाग, आणि तो निसटला वैनगंगेच्या आंभोऱ्याखालच्या पट्ट्यात. स्वतःची बोट घेऊन तिकडे निघाला असाल तर आधी त्या पट्ट्याबद्दल वाचा.

नागपूरहून कुही, वेलतूर करत आंभोरा सुमारे ७० किमी. वैनगंगा आणि कन्हानचा संगम, चैतन्येश्वराचं मंदिर, भंडारा जिल्ह्यात नेणारा तो तारांचा पूल, सगळं बघण्यासारखं आहे आणि पुलाच्या आसपास बोट फिरवायला त्रास नाही. त्रास खाली, गोसीखुर्द धरणाच्या दिशेने आहे. "पाणी भरपूर आहे, बिनधास्त जा," असं आम्हाला काठावर सांगितलं गेलं. पाणी भरपूर आहेच, पण ते धरणाचं फुगवट्याचं पाणी आहे. खाली जुनी शेतं, बांध आणि उभी वाळलेली झाडं बुडालेली आहेत. काही खुंट पाण्याच्या वर दिसतात, बाकीचे वीतभर खाली असतात. कन्हानमार्गे नाग नदीचं सांडपाणी इथेच येतं, म्हणून इकॉर्नियाचे, म्हणजे जलपर्णीचे, गालिचे तरंगतात आणि खुंट त्यांच्या आड जातात. त्यात मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांची जाळी. ती खुंटापासून खुंटापर्यंत बांधलेली असतात आणि खूण म्हणून थर्माकोलचा एखादा तुकडा, तोही उन्हात चमकणाऱ्या पाण्यात दिसत नाही. त्यांचं पोट त्या जाळ्यांवर आहे, तेव्हा वळसा आपणच घ्यायचा.

आधी खुंटाचा दणका बसला. थोड्या वेळाने अर्ध्या थ्रॉटलला इंजिन किंचाळू लागलं आणि बोट मंदावली. थ्रॉटल अगदी कमी केला की पुन्हा हळूहळू पुढे जायची. ही खूण लक्षात ठेवा. कमी जोरावर चालते आणि जोर दिला की घसरते, म्हणजे संशय आधी हबवर घ्या. डोंग्यातून जवळ आलेल्या एका दादांनी वर सांगितलं, "भाऊ, पंख्यात तंगूस गुंडाळून राहिला, मोटर बंद करा पहिले." तंगूस म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा. परतीचा सगळा रस्ता समोरच्या वाऱ्यात, चालण्याच्या वेगाने कापला. हात अजून दुखतात.

आता तपासणी. किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढा, प्लगची कॅप काढा, मगच पंख्याला हात लावा. गिअर फॉरवर्डमध्ये टाकून पंखा हाताने फिरवा. बहुतेक मोटरींत तो एका बाजूला कटकट करत फिरतो आणि दुसऱ्या बाजूला इंजिनच्या कॉम्प्रेशनला अडतो. तसं झालं तर गिअर धरतोय. गिअरमध्ये असूनही दोन्हीकडे मोकळा फिरला, तर लहान मोटरीत आधी शिअर पिन (पंखा दांड्याला जोडणारी, दणक्यात तुटणारी छोटी पिन) बघा, मग गिअरचा दांडा पूर्ण सरकतोय का ते. जोर देताच ठकठक करत गिअर सुटत असेल, तर मात्र आतल्या क्लच डॉगच्या (गिअरला पकडणाऱ्या दातेरी तुकड्याच्या) कडा झिजलेल्या असू शकतात आणि तेव्हाच गिअरबॉक्सचा खर्च खरा.

हब हाताने फिरवून कळत नाही, हाताचा जोर पुरत नाही. आतल्या धातूच्या नळीपासून पंख्याच्या अंगापर्यंत पेंटची एक सरळ रेघ ओढा, पाण्यात जोर देऊन चालवा, पुन्हा बघा. रेघ तुटून सरकली की निदान झालं. आमची सरकली होती. हिंगणा एमआयडीसीत प्रेसवर नवा हब बसवून घेतला, सांगितलेल्या खर्चाच्या दहाव्या हिश्शात. तिथे एकाने जुन्याच हबमधून आरपार बोल्ट टाकायचा सल्ला दिला, तो धुडकावून लावा. हब आणि पिन दणका स्वतःवर घेण्यासाठी असतात. शिअर पिनच्या जागी पोलादी खिळा ठोकला तर पुढचा दणका थेट गिअरच्या दातांवर.

तंगूस हा दुसरा शत्रू. पंखा काढून थ्रस्ट वॉशरच्या (पंखा ज्याला टेकतो त्या जाड चकतीच्या) मागे बघाच. तिथे गुंडाळलेला नायलॉन फिरून फिरून ऑइल सील कापतो आणि पाणी आत शिरतं. घरी येताच गिअर ऑइल काढा. दुधी रंगाचं निघालं तर सील बदलल्याशिवाय मोटर पाण्यात घालू नका. नवं ऑइल खालच्या भोकातून, वरच्यातून बाहेर येईपर्यंत भरा. आधी वरचा स्क्रू बंद करा, मग खालचा. दोन्हींचे वॉशर नवे घाला.

सोबत जादा पिना, कॉटर पिन, पंख्याच्या नटाला बसणारा पाना, धारदार सुरी आणि दोन वल्ही असू द्या. जादा पंखा मिळाला तर उत्तमच. दुपारनंतर वारा उठला की खुंट लाटांत दिसेनासे होतात, म्हणून खाली जायचं तर सकाळीच जा आणि एकाला पुढे बसवून पाण्यावर नजर ठेवायला लावा. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर हा पट्टा मोटरने करूच नका.