तातडीची माहिती, आजच सादर करावी

शिक्षकांच्या थकव्याचा विषय निघाला की समोरचा माणूस आधी आमच्या सुट्ट्या मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या करताना मात्र त्याला आजार म्हटले नाही. कामाच्या ठिकाणच्या, वेळीच न सावरलेल्या दीर्घ ताणातून ही अवस्था येते, असे म्हटले. शक्ती संपणे, कामाविषयी मन तुटणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटत राहणे, ही तिची तीन लक्षणे. सुट्टीत विश्रांती मिळते, पण जूनमध्ये शाळा तीच असते.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीचे वर्ग दोघांत वाटलेले असतात. दोन वर्ग एकत्र शिकवणे अवघड असले तरी त्याचा कंटाळा येत नाही, हा माझा अनुभव आहे. मन मोडते ते दुसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी समजू लागलेली असताना व्हॉट्सॲप गटावर 'तातडीचे' असे लिहिलेला तक्ता येतो तेव्हा. यू-डायस आणि सरल या शाळांची व विद्यार्थ्यांची माहिती भरायच्या ऑनलाइन प्रणाली, पोषण आहाराच्या ताटांची रोजची नोंद, तांदळाचा शिल्लक साठा, शिवाय कळवण्यासारखे काहीच नसले तरी तसा 'निरंक' अहवाल! एकाच पटसंख्येची माहिती निरनिराळ्या नमुन्यांत पुन्हा पुन्हा मागितली जाते आणि ती भरणाऱ्याला तिचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही. दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार असतो. तो बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. मतदार याद्यांचे काम शक्यतो सुट्टीच्या दिवशी व शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले होते. म्हणजे ज्यांना 'बीएलओ' (मतदार याद्यांचे काम पाहणारे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) नेमले, त्यांचा रविवारही गेला. शिवाय ऑनलाइन माहिती भरणे या कलमात कुठे बसते, हा वाद वेगळाच, कारण ते काम शाळेचेच मानले जाते.

एवढे करून वर्गाची गुणवत्ता तपासली जाते तेव्हा उत्तर शिक्षकानेच द्यायचे असते. तक्ता किती वाजता मागवायचा, प्रशिक्षण कोणत्या आठवड्यात ठेवायचे, यांतले काहीही ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो, आणि माझ्या मते कामाच्या ओझ्यापेक्षा हेच अधिक पोखरते. योगशिबिरे आणि ताणमुक्तीची व्याख्याने याला पुरी पडणार नाहीत, विशेषतः त्यांचाही फोटोसह अहवाल पाठवावा लागत असेल तर. त्यापेक्षा प्रत्येक केंद्रावर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटासाठी, माहिती भरणारा एक कर्मचारी नेमावा, आणि शाळा भरल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत कोणत्याही कार्यालयाने शाळेकडे काहीही मागू नये.