हार घातला तेव्हा बस गळत होती

2014 मध्ये मारुती 800 आणि अ‍ॅम्बॅसेडर एकाच वर्षी बंद झाल्या, तेव्हा पेपरांनी रकानेच्या रकाने भरले. बसच्या मॉडेलसाठी कोण रडतो? आम्ही चॅसीवर बसची बॉडी बांधणारे; आमचं मॉडेल मार्च 2020 मध्ये गेलं. 1 एप्रिलपासून बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, लागणार होते. नव्या चॅसीला बाजूला धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी आली, खालच्या कप्प्यांची मांडणी बदलली आणि गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या आमच्या शेडमधले जुने जिग, म्हणजे सांगाडा जोडायचे साचे, भंगारात निघाले.

शेवटच्या बॉडीच्या निरोपाचा कार्यक्रम दुपारी होता, गळती तपासायची शॉवर टेस्ट सकाळी. चारी बाजूंनी फवारे सुटतात, आम्ही आत टॉर्च आणि खडू घेऊन बसतो. थेंब पडतो तिथेच भोक असेल, असं बाहेरच्याला वाटतं. पण पाणी छताच्या पन्हळीपाशी शिरतं, खांबाच्या पोकळीतून उतरतं आणि भलत्याच खिडकीवर टपकतं. त्या दिवशी एका कंत्राटी पोराला इमर्जन्सी दरवाजावर ओल दिसली. त्याने खडूने गोल केला.

सुपरवायझर म्हणाला, "काका, पुसून घ्या. फोटोत पाणी दिसत नाही."

हार पडले, नारळ फुटला, पेढे वाटले. साहेब लोक गाडीत बसून गेल्यावर आम्ही जुन्यांनी बस परत आत घेतली आणि आतलं छत उतरवलं. पन्हळीचं निचऱ्याचं भोक सीलंटने बुजलं होतं! गळू नये म्हणून कुणीतरी ढीगभर भरलेलं. पाणी तुंबलं आणि जोडातून आत आलं.

रिव्हेट मात्र एकही ढिला नव्हता. आपल्या खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लोखंडाला थेट टेकला की आतून पांढरा पडून कुजतो. म्हणून आधी प्रायमर, मग टेप, मग रिव्हेट. बाहेरचा रिव्हेट ठोकायची गन चालवतो, आतला डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, दाबून धरतो. एकमेकांचं तोंड दिसत नाही; रिव्हेटचं डोकं नीट बसलं की नाही ते आवाजावरून कळतं. नव्या मॉडेलला पत्रा ताणून चिकटवतात. तेही काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

रात्री पुन्हा फवारे सोडले, बस कोरडी निघाली. रजिस्टरात ओके दुसऱ्या दिवशीच्या तारखेने पडलं. कँटीनमधल्या फोटोखाली मात्र आदल्या दिवसाची तारीख आहे. त्या फोटोत तो पोरगा नाही. कार्यक्रमात गर्दी नको म्हणून कंत्राटी पोरांना जेवणानंतर घरी पाठवलं होतं. मी ऑफिसात विचारलं, तर म्हणाले, यादीत नाव नव्हतं. यादी कुणी केली, हे कोणी सांगत नाही.