दिवाळीतच बागेचं पाणी मोजा

आमचा दादा जालन्याच्या अंबड तालुक्यात, चारशे झाडं मोसंबीची, आणि मी इकडे विक्रोळीत. एप्रिल लागला की त्याचा फोन ठरलेला, "विहिरीनं तळ गाठला रे." तेव्हा मग टँकरची शोधाशोध, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मुंबईत 1 ऑक्टोबरला सातही तलावांतलं पाणी बघतात, वर्षाला साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर लागतं, कमी भरलं असेल तर पुढचं गणित तिथूनच सुरू होतं. गावाकडंही सरकारचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते जून तीन टप्प्यांत असतोच, खासगी विहिरी ताब्यात घेणं, टँकर सगळं त्यात येतं, पण टँकर मिळतो माणशी रोज 20 लिटरच्या हिशोबानं, मोसंबीचं झाड त्यात कुठं बसणार? आणि आधी माणसं हे बरोबरच आहे. म्हणून बागेचा आराखडा आपला आपणच करायला लागतो.

2012-13 च्या दुष्काळात जालन्यात वाळलेल्या बागा तोडून लोकांनी सरपण केलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय, सहा-सात वर्षं लेकरासारखी वाढवलेली झाडं हो. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तर या दिवाळीत दादा आणि मी ओट्यावर वही घेऊन बसलो. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं, 30 बाय 30 मीटर, तीन मीटर खोल, काठोकाठ भरलं तर वीसेक लाख लिटर. नुसतं जगवायला झाडाला रोज 40 लिटर धरले, चारशे झाडांना 16 हजार, फेब्रुवारी ते जूनचा पहिला पंधरवडा म्हणजे 135 दिवस, झाले 21 लाख 60 हजार लिटर. कागदावरच पुरत नाही, आणि उन्हानं वाफ होऊन उडणारं तर यात धरलंच नाही!

मग ठरवलं, जोमदार अडीचशे झाडं नक्की जगवायची, त्यांना साडेतेरा लाख लागतील, उरलेल्या जुन्या झाडांना जमेल तेवढंच. आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारं पीक, यंदा धरायचा नाही, बुडाशी पाचटाचं जाड आच्छादन, ठिबक रात्रीच चालवायचं. दादा बहारावर अडून बसला होता, "लागलेलं फळ हातानं कसं तोडू सांग." मी काय सांगणार, गप्प बसलो. मार्चमध्ये वहिनीनंच सुरुवात केली, बोराएवढी फळं तोडून टोपलीत टाकली, मग दादा पण गेला मागनं.

आता रोज संध्याकाळी तळ्यातल्या खुणेच्या काठीचा फोटो येतो, लोकलमध्ये उभा राहून मी तो झूम करून बघतो. काल अजून सव्वा मीटर होतं.