लेंटमध्ये चहा सोडताय? मग सुरुवात राखेच्या बुधवारी नको

लेंटमध्ये, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या ख्रिस्ती उपासकाळात, चहा सोडण्याचा निश्चय बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी दुपारी मोडतो आणि मोडणाऱ्याला वाटतं, आपली श्रद्धाच कमी पडली. श्रद्धेचा त्यात काही संबंध नसतो. रोज चार-पाच कप घेणाऱ्याने एकदम थांबवलं की 12 ते 24 तासांत डोकं जड होतं, दुसऱ्या दिवशी ठणका सगळ्यात जास्त असतो आणि सुस्ती, चिडचिड आठवडाभर रेंगाळते. मेंदूला थकव्याचा निरोप शरीरातलं एक रसायन, अ‍ॅडेनोसिन देतं आणि चहातलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. कॅफिन अचानक बंद झालं की अडलेला थकवा एकदम अंगावर येतो, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि कपाळ ठणकायला लागतं.

म्हणून 9 दिवस आधी उतरणीला लागावं. 2027 मध्ये राखेचा बुधवार 10 फेब्रुवारीला आहे, म्हणजे 1 तारखेपासून. दिवसाच्या 4 कपांना 4 चमचे पावडर पडत असेल, तर पहिले 3 दिवस 3 चमचे, पुढचे 3 दिवस 2, शेवटचे 3 दिवस 1. कमी झालेल्या पावडरीची जागा गवती चहाच्या पातीने भरायची. कप कमी करण्यापेक्षा पावडर कमी करणं सोपं जातं, कारण चहाची वेळ आणि हातातला गरम कप तसाच राहतो. आमचं मिरज तर दवाखान्यांचं गाव, रात्रपाळीवाले घरोघरी. रात्रपाळी करणाऱ्यांनी पहाटेच्या कपातली पावडर सगळ्यात शेवटी कमी करावी.

एवढं करूनही डोकं दुखलंच तर भरपूर पाणी आणि अंधाऱ्या खोलीत तासभर झोप. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, पाकिटावर बघून घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी सकाळचा गोड चहा आणि बिस्किटं एकदम बंद करू नयेत. साखर उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारावं.

आता पातेल्यात काय चढवायचं? दोघांसाठी अडीच कप पाणी, गवती चहाच्या 5-6 पाती गाठ मारून, अंगठ्याच्या पेराएवढं आलं ठेचून. 5-6 मिनिटं खळखळ उकळू द्या, पाण्याला पोपटी रंग चढतो आणि वासाने घर भरतं. गूळ 2 चमचे. दूध हवं असेल तर अर्धा कप वेगळं तापवून, गॅस बंद केल्यावर ओता. गूळ किंचित आंबट असतो, त्याच्यासकट दूध उकळलं की फाटतं. कच्चं आलं थेट दुधात टाकलं तरी तीच गत, म्हणून आलं आधी पाण्यातच उकळायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे गुऱ्हाळं चालू असतात, ताजा गूळ हाताशी असतो.

नियम आधीच ठरवून कागदावर लिहा. कॉफी आणि कोला यांचं काय? चहा सोडून कॉफी धरली तर काही सोडलंच नाही. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस होतात. 6 रविवार वगळले की 40. रविवारी सूट घ्यायची प्रथा जुनी आहे आणि त्यात गैर काही नाही. पण चहाच्या बाबतीत ती घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. रविवारी मनसोक्त चहा झाला की सोमवारची ओढ पुन्हा पहिल्यापासून.

खरी अडचण पाहुणचाराची. सांगलीकडे दारात आलेल्याला चहा विचारल्याशिवाय सोडत नाहीत, आणि नाही म्हटलं की घरच्या बाईला लागतं. तिथे लेंटची माहिती सांगत बसू नका. "वहिनी, चाळीस दिवस चहा सोडलाय, गूळ-पाणी द्या," एवढं पुरतं. चातुर्मासात वांगं किंवा कांदा-लसूण सोडणाऱ्या घराला 'सोडलंय' हा शब्द लगेच कळतो, आणि गूळ-पाणी तर आपल्याकडचा जुना मान आहे. उपास करताना तोंड उतरवू नका, असं बायबलमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने सांगितलंय. चहाला नाही म्हणतानाही ते आठवावं.

चहाचे पैसे मात्र वेगळे काढाच. टपरीवरचा 10 रुपयांचा चहा रोज चारदा धरला तर 40 दिवसांचे 1600 रुपये होतात. ते रोजच्या रोज डब्यात टाकावेत, महिन्याच्या हिशेबात धरले की दिसत नाहीत. लेंटमध्ये उपास, प्रार्थना आणि दान ही तिन्ही बरोबरीने चालतात. डबा रिकामा राहिला तर नुसती पथ्याची सवय होते.

ईस्टरच्या पहाटेची उपासना झाली की चहाची किटली फिरतेच. तेव्हा अर्धाच कप घ्या, तोही काही खाल्ल्यावर. दीड महिन्यात शरीराची सवय गेलेली असते. जुन्या हिशेबाने चार कप झाले तर छाती धडधडते आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.